शिदू झांजवाल्याचं सावधान

एका गावात एक बँड होता आणि त्या बँडात एक भोळा होता. त्याचं नाव शिदू.

बँड लग्नातला. लाल कोट, सोनेरी बटणं, टोपीला तुरा. पुढे दौलत मास्तर क्लॅरिनेट वाजवत चालायचे आणि मागे बाकीचे. मास्तरांनी बँडाला एकच नियम शिकवला होता. वरातीत नवरा चालतोय तोवर वाजवायचं. नवरा थांबला की थांबायचं. एवढ्या नियमावर त्यांनी पंचक्रोशीतल्या सगळ्या वराती पार पाडल्या होत्या.

शिदूकडे झांज होती. ती त्याच्या वडिलांची. वडील गेले, झांज राहिली आणि कोट शिदूच्या अंगाला आला. शिदू सांगितलेलं काम मन लावून करायचा. फक्त सांगितलेलंच करायचा, ही एवढीच अडचण. मास्तर म्हणाले, "शिदू, जरा हिकडं कान दे," तर तो जवळ जाऊन कान पुढे करून उभा राहायचा आणि परत कधी मिळणार म्हणून विचारायचा.

शिदूची आई, सगुणाबाई, त्याच्या लग्नाच्या खटपटीत होती. शेजारच्या वाडीतली हौसा तिच्या मनात भरली होती. शिदूच्याही भरली होती. हौसाचे वडील यशवंतअण्णा म्हणाले, "पोरगं भोळं हाय, ते आमाला ठावं हाय. पर लाल कोट हाय, चार मानसांत उठनंबसनं हाय. कोट अंगावर हाय तवर आमची ना न्हाई."

म्हणजे कोट गेला की हौसा गेली. हे शिदूलासुद्धा समजलं. तो कोट घालूनच झोपायला लागला.

आणि नेमके त्याच महिन्यात दौलत मास्तरांचे पुढचे दोन दात पडले. क्लॅरिनेटमधून सुराऐवजी नुसता वारा यायला लागला. कवळी तयार होईपर्यंत मास्तर घरी बसले आणि बँडाला बाहेरून पाहुणे मास्तर बोलवावे लागले.

पहिले आले कदम जमादार. पोलीस बँडातून निवृत्त झालेले. मिशी एवढी, की माणसाआधी ती दारातून आत यायची. शाळेच्या क्रीडामहोत्सवात संचलनाला वाजवायचं होतं.

"हे बगा," जमादार गरजले, "सावधान म्हटलं की दगड व्हायचं! मी विश्राम म्हनंपर्यंत पापनीसुदिक हलवायची न्हाई!"

"माशी बसली तर?" शिदूनं विचारलं.

"बसू दे!"

"बरं," शिदू म्हणाला, आणि ध्यानात राहावं म्हणून त्यानं रुमालाला एक गाठ मारली.

संचलनाच्या दिवशी जमादारांनी आरोळी ठोकली, "सावधान!" शिदू दगड झाला. जमादार म्हणाले, "तेज चल!" बँड वाजत निघाला, पोरं निघाली, मास्तर लोक निघाले. शिदू तिथंच. विश्राम कुठं म्हटलं होतं?

कार्यक्रम संपला. जमादार एसटीनं आपल्या गावी गेले. शिदू पटांगणात उभा. दुपारी एक शेळी आली. तिनं त्याच्या टोपीचा तुरा खाल्ला आणि कोटाच्या बाहीला तोंड लावून पाहिलं. शिदूची पापणी हलली नाही. सगुणाबाई भाकरी घेऊन आली आणि रडून परत गेली. शेवटी निवृत्ती ढोलवाला मोटारसायकलवर गेला आणि जमादारांना जेवणाच्या ताटावरून उठवून घेऊन आला.

"विश्राम!" जमादार हात न धुताच ओरडले.

शिदूनं श्वास सोडला. "सायेब, काय चुकलं का?"

"आरं, बँड वाजाय लागला की चालाय लागायचं! थांबायचं न्हाई, मागं बगायचं न्हाई!"

"आनि थांबायचं कवा?"

"बँड थांबला की!"

"बरं," शिदू म्हणाला, आणि रुमालाला दुसरी गाठ मारली.

पुढच्या कार्यक्रमाला लेलेबाई आल्या. हायस्कुलात गाणं शिकवायच्या. वाचनालयाचा वर्धापनदिन होता आणि बँडाला प्रथमच सभागृहात, स्टेजवर, खुर्च्यांवर बसून वाजवायचं होतं. बँडवाल्यांना खुर्चीत बसून वाजवणं म्हणजे पंगतीत उभं राहून जेवण्यासारखं वाटत होतं. पण बसले.

बाईंनी डोळे मिटले, हात उचलला. बँड वाजायला लागला.

शिदू उठला आणि चालायला लागला.

झांज वाजवत तो स्टेजच्या पायऱ्या उतरला. अध्यक्षांच्या पायावर पाय देऊन पुढे गेला. मागे बघायचं नव्हतं, म्हणून अध्यक्ष काय म्हणाले ते त्यानं पाहिलं नाही. बाईंनी डोळे उघडून बँड थांबवला, तेव्हा तो चहाच्या पातेल्यापाशी पोचला होता. तिथंच थांबला. चहा करणाऱ्या काकूंच्या हातून सगळं दूध सांडलं होतं. त्या दिवशी वाचनालयानं पाहुण्यांना कोरा चहा पाजला.

"शिदू," लेलेबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "स्टेजवर बसून वाजवायचं असतं. आणि फक्त माझ्या हाताकडे बघायचं. माझा हात वर गेला, की तुझी झांज. दुसरीकडे कुठे म्हणून बघायचं नाही."

"फकस्त तुमच्या हाताकडं."

"फक्त माझ्या."

"बरं." तिसरी गाठ.

पण दौलत मास्तरांचा धीर सुटला. दात नसल्यामुळे त्यांना धड रागावताही येत नव्हतं. "फिदू," ते म्हणाले, "तालुक्याच्या फंमेलनात चुकलाफ, तर कोट उतरवून ठेवायचा." बाकीचे हसले. शिदू हसला नाही. तालुक्याच्या संमेलनाला यशवंतअण्णा हौसाला घेऊन येणार होते. तो घरी जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. कोट घालूनच.

संमेलनासाठी मोठ्या शहरातून मिनेझिस सर आले. मूळचे गोव्याचे. त्यांनी स्वतः एक सुरावट रचली होती. सुरुवातीला पहाटेचा अंधार, मग पाखरं, मग गार वारा, आणि अगदी शेवटी सूर्योदय.

"सूर्य उगवला की तुझी झांज," मिनेझिस सर शिदूला म्हणाले. "पूर्ण सुरावटीत एकदाच."

"पर सायेब, कार्यक्रम सांच्याला हाय," शिदू म्हणाला. "सूर्व्या कसा उगवंल?"

"बाबा रे, म्युझिकमधला सूर्य! हात वर होईल, तेव्हा वाजव."

हे शिदूला पटलं. हाताचं त्याला आधीच ठाऊक होतं. तालमीत लेलेबाई मदतीला शेजारी उभ्या असत. सरांबरोबर त्यांचाही हात वर जाई. शिदूची झांज दर वेळी बरोबर पडे. मिनेझिस सर खूश झाले. दौलत मास्तरही खूश झाले.

संमेलनाच्या संध्याकाळी लेलेबाई मदतीला नव्हत्या. त्या श्रोत्यांत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या मागच्याच खुर्चीत हौसा होती, तिच्या शेजारी यशवंतअण्णा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर डास होते.

स्टेजवर सुरावट सुरू झाली. पहाटेचा अंधार. मैदान चिडीचूप. लेलेबाईंच्या कानाशी डास गुणगुणला. त्यांनी हात वर केला.

धाड!

मिनेझिस सर जागच्या जागी उडाले. अंधार पुन्हा सुरू झाला. बाईंनी अंबाडा सारखा केला. धाड! पाखरं आली. बाईंनी ओळखीच्या कुणाला तरी हात केला. धाड! त्या संध्याकाळी तालुक्यात सूर्य उगवायचा थांबेना. लोक आधी दचकले, मग खिदळायला लागले. यशवंतअण्णांची मान खाली गेली.

चौथ्या सूर्याला बाईंच्या लक्षात आलं. शिदू मिनेझिस सरांकडे बघतच नव्हता. तो डोळे ताणून बाईंकडेच बघत होता. बाईंनी घाबरून दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि वरून बसल्या. डास चावत राहिले, बाई हलल्या नाहीत.

आता सगळं सुरळीत झालं. गार वारा आला. निवृत्तीचा ढोल घुमायला लागला. सूर चढत चढत गेले. मिनेझिस सरांनी हात आभाळापर्यंत नेला. खरा सूर्य आला!

झांज गप्प.

सरांनी पुन्हा हात उगारला. दोन्ही हात उगारले. बँड तोच सूर धरून बसला. तोंडं लाल झाली, गाल फुगले. शिदू पहिल्या रांगेकडे बघत होता आणि बाई हातांवर बसल्या होत्या. भीतीनं त्यांना काही सुचेना.

हौसानं शिदूची नजर कुठं आहे ते पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. ती उठली, मागून वाकली, बाईंचा उजवा हात मांडीखालून खेचून काढला आणि झेंड्यासारखा वर केला.

धाड!

काय ती झांज! मैदानाच्या कडेची कुत्री उठून पळाली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. घटकाभर मिनेझिस सर खाली बसून पाणी पीत होते. मग शिदूजवळ आले आणि म्हणाले, "उभ्या जन्मात असा झांजवाला पाहिला नाही."

"लई उपकार झालं," शिदू म्हणाला.

दौलत मास्तरांना शेवटची झांज तेवढी आवडली. कोट राहिला. यशवंतअण्णा मात्र कचरत होते. "हौसा, ह्याच्यासंगं कसं निभावनार तू?"

"अण्णा, त्याला नीट सांगनारं कुनी भेटलं न्हाई," हौसा म्हणाली. "मी सांगीन."

लग्न ठरलं. मांडव वाडीत. बँड अर्थात आपलाच. दौलत मास्तरांची कवळी आली होती आणि नव्या दातांनी ते क्लॅरिनेट धरून तयार होते. लेलेबाई अक्षता घेऊन पुढे उभ्या होत्या. कदम जमादार तेवढे आले नव्हते. त्यांच्या नातवाचं त्याच दिवशी बारसं होतं.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. भटजींनी शेवटचा सूर लावला, "शुभ मंगल सावधाऽऽन!"

शिदू दगड झाला.

अंतरपाट बाजूला झाला. हौसानं त्याच्या गळ्यात हार घातला. शिदू हातात हार धरून ताठ. "घाल की रं!" निवृत्ती ओरडला. पापणी हलली नाही. मामांनी ढकललं, तर शिदू आख्खा कलंडला आणि मामांनी त्याला तसाच पुन्हा उभा केला. भटजी मुहूर्त मुहूर्त म्हणून नाचायला लागले. सगुणाबाईला शेळी आठवली आणि ती रडायला लागली.

हौसा हळूच म्हणाली, "विश्राम."

काही नाही. 'मी विश्राम म्हणेपर्यंत,' असं जमादार म्हणाले होते. सावधान कुणीही म्हणावं, विश्राम जमादारांनीच.

बारशात फोन लावला. शिदूच्या कानाला धरला. पाळण्याच्या गलक्यातून आवाज आला, "विश्राम!"

शिदूनं पाय फाकले आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. हारही पाठीमागे गेला. पोलिसात विश्राम असाच असतो.

हौसानं सुस्कारा सोडला. शेजारी लेलेबाई होत्या. तिनं त्यांचा हात धरून वर केला. शिदूचे दोन्ही हात सपकन डोक्यावर आले आणि खाली आले. हौसानं तेवढ्यात मान पुढे केली. हार गळ्यात पडला! लोकांनी अक्षता उधळल्या आणि दौलत मास्तरांनी आनंदानं बँडाला खूण केली.

बँड वाजायला लागला.

शिदू चालायला लागला.

मांडवातून बाहेर पडला. मास्तरांनी पाहिलं, नवरा निघाला. मग थांबून कसं चालेल? बँड मागे निघाला. नवरा चालतोय म्हणून बँड वाजत होता आणि बँड वाजतोय म्हणून नवरा चालत होता. वऱ्हाडाला वाटलं असाच बेत असेल, म्हणून वऱ्हाडही निघालं. मांडवात जिलबी आणि भटजी तेवढे राहिले. वाडी संपली, ओढा गेला, उसाचे फड गेले. मास्तरांना ओरडून थांबवावंसं वाटत होतं, पण तोंडात क्लॅरिनेट होतं, आणि नवरा चालत असताना ते काढायचं नाही, हा त्यांचाच नियम.

शेवटी हौसानं शालू खोचला आणि धावत सगळ्यांच्या पुढे गेली. रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली, "सावधान!"

शिदू दगड झाला. नवरा थांबला, म्हणून बँड थांबला. सगळे दम खात रस्त्यातच बसले.

पुन्हा बारशात फोन. या वेळी हौसा बोलली. "जमादार, आता दर खेपेला तुमाला फोन करायचा का?"

"न्हाई, माझे आई," जमादार म्हणाले. "त्याच्या कानाला लाव. शिदू! आजपास्नं हौसा म्हंजे मीच! ती बोलली म्हंजे मी बोललो! समजलं?"

"विश्राम," हौसा म्हणाली. शिदूनं पाय फाकले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मांडवात परतल्यावर भटजींनी शिदूच्या उपरण्याची आणि हौसाच्या शालूची गाठ बांधली. शिदूनं ती निरखून पाहिली. "ह्या गाठीत काय ध्यानात ठिवायचं?"

"मला," हौसा म्हणाली.

"बरं," शिदू म्हणाला, आणि इतका लाजला की कोटाचा आणि तोंडाचा रंग एक झाला. यशवंतअण्णांनी डोळे पुसले. आपल्या लेकीनं सगळं मार्गी लावलं, असं त्यांना वाटलं.

मग बायकांनी गराडा घातला. "नाव घ्या! बायकोचं नाव घ्या!"

शिदू विचारात पडला. मग त्याला जमादारांचं फोनवरचं बोलणं आठवलं आणि त्याचं तोंड उजळलं. तो ताठ उभा राहिला, हौसाला कडक सॅल्यूट ठोकला आणि भरमांडवात खणखणीत आवाजात म्हणाला:

"झांजेवर झांज आपटली, दणाणला सारा बाजार,
माझ्या बायकोचं नाव, मिशीवाले कदम जमादार!"