मोडलेल्या फांदीची साक्ष

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी लहानांपेक्षा जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका तळ्याच्या दोन काठांवर दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. त्या राज्यात घरोघरी एक जादूचा आरसा असे. एका आरशाने पाहिलेलं चित्र, नुसतं बोट फिरवलं की हव्या त्या घरांतल्या आरशांत उमटे. आरसा काहीच विसरत नसे. कित्येक वर्षांपूर्वीचं चित्रही त्यात आजचंच वाटे.

एके सकाळी खालच्या वाडीच्या आरशांत एक चित्र आलं. तळ्याकाठी मेलेल्या माशांचा खच, मागे चिंचेचं झाड. सोबत आवाज आला, "वरच्यांनी पाण्यात विष कालवलंय. तळ्याकडे फिरकू नका!"

ज्याने पाहिलं त्याने पुढे धाडलं. तळ्यावर जाऊन मात्र कोणीच बघितलं नाही. विषाजवळ जाणार कोण? दुपारपर्यंत माणसं कोयते आणि पलिते घेऊन चावडीपुढे जमली. वरच्या वाडीच्या गवताच्या गंजी पेटवायच्या, असं ठरलं.

खालच्या वाडीत एक भोईण होती. मासे धरून तिने संसार केला होता. तिची गरोदर लेक वरच्या वाडीत नांदत होती आणि तिचं घर गंजींना लागूनच होतं.

सगळे चित्रातले मासे बघत होते. भोईण माशांच्या मागे बघत राहिली.

"अरे, थांबा!" ती ओरडली. "ही चिंचेची आडवी फांदी बघा. हिला मी तराफा बांधायची. गेल्या पावसाळ्यात वीज पडून ती मोडली. मग आजच्या चित्रात कुठून आली? हे मासे मागल्या दुष्काळातले आहेत."

पाटील म्हणाला, "मावशे, तुझी लेक वर दिलीय. तू त्यांचीच री ओढणार!"

"बरं. माझं ऐकू नका, डोळ्यांनी बघा," म्हणून भोईण आरसा घेऊन तडक तळ्यावर गेली. पाणी निवळ होतं. पण आपल्या एकटीच्या साक्षीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने आरशातून लेकीच्या सासूला हाक मारली.

"तुमचे लोक आमच्यावर चालून येताहेत, आणि मी तळ्यावर येऊ?" विहीणबाई कडाडल्या. "इथे सगळ्यांनी गोफणी काढल्यात."

"पोटातलं लेकरू तुमचं तसं माझंही आहे. या."

विहीणबाई आल्या. चिंचेच्या एका अंगाला एक उभी राहिली, दुसऱ्या अंगाला दुसरी. दोघींनी आरसे धरले. दोन्ही वाड्यांतल्या घरोघरी आणि चावडीपुढच्या आरशांतही एकाच वेळी चिंचेच्या फांदीचा मोडका खुंट दिसला. मग दोघी ओंजळभर पाणी प्यायल्या.

विहीणबाई आरशात बघून म्हणाल्या, "लग्नात हिच्या पुरणपोळीत गूळ कमी होता, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण फांदी नाही, हे हिचं खरं आहे."

चावडीपुढे कोणीतरी फिसकन हसलं. "तरी संशय असेल, तर या आणि खुंटाला हात लावून बघा," भोईण म्हणाली.

पाटील आला. त्याने खुंटावर हात फिरवला, पाणी चाखलं आणि हातातला पलिता तळ्यात बुडवला.

ते चित्र पहिल्यांदा कोणी धाडलं, याचा पुष्कळ शोध घेतला. "मी नाही, मला शेजारच्या आरशात दिसलं," एवढंच जो तो म्हणे. तेव्हा दोन्ही वाड्यांनी मिळून नियम केला. आरशातून काही धाडायचं, तर आधी आपला चेहरा दाखवायचा आणि हे कुठे, कधी पाहिलं ते सांगायचं. बिनचेहऱ्याचं चित्र आलं, तर ते आपल्याच घरात थांबवायचं आणि पलीकडच्या काठाला विचारायचं.

भोईणीच्या नातीचं बारसं त्याच चिंचेखाली झालं. पुरणपोळ्या दोघी विहिणींनी मिळून केल्या.

तात्पर्य: ऐकलेलं पुढे धाडण्याआधी स्वतः पारखून घ्यावं; एका हाताने खोटं थांबवलं, तर साऱ्या गावाची आग विझते.