झेंडूच्या माळेने अडवलेला पूल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. ताप मोजायची नळी अजून जन्मायची होती आणि आया नुसता कपाळावर हात ठेवून घाबरायच्या, तेव्हाची. आता नळी आली. घाबरणं आहे तेवढंच आहे.

एक नदी होती. नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे, जरा चढावर, एका म्हाताऱ्या वैद्यबाईंचं घर होतं. कोणी आजारी पडलं की नावाडी त्याला होडीत घालून पलीकडे न्यायचा. पण नदीला पाणी चढलं की होडी बंद. मग वरच्या अंगाला, जिथे नदी पसरट होती आणि चढल्या पाण्यातही उथळ राहायची, त्या उतारापर्यंत चालत जायचं, तिथून पाण्यात उतरायचं आणि पलीकडच्या काठाने पुन्हा तेवढंच खाली यायचं. धडधाकट माणसाचा दिवस त्यात मोडायचा. आजाऱ्याचं तर विचारूच नका.

त्या गावाने एकदा वडाखाली जमून, हात वर करून, आपला कारभारी निवडला.

गोष्टीत कारभारी आला की मुलं लगेच विचारतात, "वाईट होता का?" तर नव्हता. मीही ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो वाईट निघेल म्हणून वाट बघत बसले होते. निघाला नाही, हीच पंचाईत आहे.

त्याने आल्या आल्या गावाची गटारं खणून घेतली. गुरं धुवायचा घाट प्यायच्या पाण्याच्या वर होता, तो खाली नेला. समोरासमोर आलेल्या बैलगाड्यांचे गाडीवान ज्या बोळात एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करायचे, तो बोळ रुंद केला. गावातल्या पोरांची हगवण थांबली. लोक म्हणाले, "माणूस कामाचा आहे."

मग त्याने पूल बांधला. दगडी, भक्कम, गाडी जाईल एवढा रुंद. शेवटचा दगड बसला त्या दिवशी गावाने जेवण घातलं. नावाड्याला शाल आणि नारळ देऊन त्याचा सत्कार झाला. त्याची होडी काठावरून उचलून मोठ्या प्रेमाने चौकात आणली, तिच्यात माती भरली आणि झेंडू लावला. गावाला शोभा आली.

राहिलं होतं फक्त उद्घाटन.

"एवढा मोठा पूल," कारभारी म्हणाला, "राजेसाहेबांच्या हातूनच उघडायला हवा. ते आले, पूल त्यांना आवडला, की पुढच्या गावांनाही पूल मिळतील."

बघा, यातही वाईट काही नव्हतं.

पुलाच्या तोंडाशी दोन खांब रोवले आणि त्यांच्यामध्ये छातीच्या उंचीवर झेंडूची माळ बांधली. राजेसाहेब येतील, माळ सोडतील, पहिलं पाऊल टाकतील, मग गाव जाईल. पण राजेसाहेबांकडे आधी सण निघाला, मग शिकार, मग ज्योतिषी परगावी गेला. माळ सुकली. सुकलेली माळ बरी दिसत नाही, म्हणून गल्लीगल्लीतल्या बायकांनी पाळीने नवी माळ ओवायची असं ठरलं. फुलं होडीतली.

त्या गावात एक तरुण आई होती. तिचा नवरा गाडी घेऊन लांबच्या बाजाराला गेला होता. घरात ती, तिचं दीड वर्षांचं पोर आणि एक शेळी. त्या आठवड्याची माळ तिने ओवली होती. छान दाट ओवली होती. मधे मधे आंब्याची पानं घातली होती.

एका दुपारी पोराचा घसा बसला. बघता बघता श्वासाला शिट्टी लागली. प्रत्येक श्वासागणिक गळ्याखाली खळगा पडू लागला, ओठ निळसर दिसू लागले. आईने पोराला खांद्यावर टाकलं आणि ती नदीकडे धावली. दार उघडंच राहिलं. शेळी दावं ओढून, खुंटी उपटून मागे निघाली.

वाटेत चौक लागला. नावाडी होडीला टेकून बसला होता.

"नावाडीदादा, पलीकडे सोडा हो! पोराला श्वास पुरत नाही!"

नावाडी ताडकन उठला. होडीला हात लावला आणि तसाच उभा राहिला.

"हिच्यात झेंडू आहे गं बाई," तो म्हणाला. "कुठे बसवू तुला?"

तिने होडीकडे बघितलं. कालपरवाच तिने त्याच होडीतून टोपलीभर फुलं खुडली होती. ती पुढे धावली.

पुलाजवळ माणसं जमली. शेजारची काकू ओरडली, "अगं थांब, पूल अजून उघडलेला नाही!"

"माहीत आहे मला, काकू."

"कारभाऱ्यांना तरी विचार."

"ते राजधानीला गेलेत, मुहूर्त आणायला."

"मग जरा कळ काढ. राजाच्या आधी पाय टाकायचा म्हणजे..." काकूने वाक्य पुरं केलं नाही. पुढे काय होतं, ते तिलाही माहीत नव्हतं.

एक म्हातारबा पारावरून म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

"कुठला नियम?" मागून कोणीतरी विचारलं.

"असेलच की कुठला तरी. उगाच का माळ बांधलीय?"

"पण कोणी अडवलंय का?"

"अडवलं नाही, पण कोणी गेलंय का?"

पुलावर पहारेकरी नव्हता. फळी नव्हती, दार नव्हतं, दवंडी नव्हती. फक्त माळ होती.

आई माळेसमोर उभी राहिली. आणि आता जे झालं ते सांगताना माझा अजून विश्वास बसत नाही. माळेतलं एक फूल घसरून खाली आलं होतं. पोर खांद्यावर श्वासासाठी धडपडत होतं, आणि आईचा मोकळा हात वर गेला आणि त्याने ते फूल नीट जागेवर सरकवलं.

मी तिच्या जागी असते तर माळ तोडून गेले असते, असं सांगायला मला फार आवडेल. पण मी स्वतःला ओळखते. मी फूल तर नीट केलंच असतं, वर मागच्यांना विचारलं असतं, "आता सरळ दिसते का?"

आई वळली. लांबच्या वाटेने, उताराकडे निघाली. लोकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. काहींनी डोळे पुसले. कोणीतरी म्हणालं, "सांभाळून जा हो."

एवढ्यात मागून कुरुम कुरुम असा आवाज आला.

शेळीने माळेला तोंड घातलं होतं.

"हाट्! हाट्!" काकू धावली. "अगं ए, राजाची माळ आहे ती!"

शेळीने मान वर केली. तोंडात झेंडू होता. त्या काळी जनावरं बोलत, पण ऐकायला कोणी थांबत नसे. त्या दिवशी सगळे थांबले.

"दोरी मला कळते," शेळी म्हणाली. "जन्मभर गळ्यात आहे. ही दोरी नाही. हा खाऊ आहे."

तिने आणखी एक घास ओढला. माळ तुटली. तिची दोन टोकं दोन खांबांवर लोंबत राहिली. शेळी पुलावर चढली, चार पावलं गेली, मागे वळून आईकडे बघून म्हणाली, "येतेस ना?"

आभाळ कोसळलं नाही. पूलही कोसळला नाही. आईला पहिल्यांदा कळलं की आपण ज्यापुढे उभे होतो ते आपल्याच हाताने सुईत ओवलं होतं. मग ती जी धावली ती चढ संपेपर्यंत थांबली नाही.

वैद्यबाईंच्या अंगणात गवत वाढलं होतं. म्हातारी ओट्यावर एकटी बसली होती. पोराला बघताच तिने हातातलं सूप फेकलं आणि त्याला उचललं. तिने काय काय केलं ते आईला नंतर कधीच नीट आठवलं नाही. चुलीवर पाणी खदखदत होतं, खोली वाफेने भरली होती, एवढंच आठवलं. आणि खूप वेळाने आलेला एक आवाज. पोर मोठ्याने रडलं. चांगलं भोकाड पसरून, घर डोक्यावर घेऊन.

आईने आयुष्यात त्याहून गोड काही ऐकलं नव्हतं.

"थोडी आणखी उशिरा आली असतीस, तर माझ्या हातात काही नव्हतं," म्हातारी म्हणाली. "उताराच्या वाटेने आली असतीस, तर आलीच नसतीस. बरं, गावात आजारपण संपलं ना गं? पूल झाला तसं माझ्याकडे कोणी फिरकलंच नाही."

"संपलं?" आईने विचारलं. "कासाराची सून तापाने घरातच पडून आहे. माळ्याची आजी खोकून खोकून अर्धी झालीय. आम्ही सगळे उद्घाटनाची वाट बघतोय."

म्हातारीचा हात पोराच्या पाठीवर थबकला.

"मला इथून पूल दिसायचा," ती हळूच म्हणाली. "त्यावर कोणी दिसायचं नाही. मी म्हणायची, कारभाऱ्याच्या गटारांनी गाव निरोगी झालं. माळ काही इतक्या लांबून दिसत नाही गं."

त्याच वेळी फाटकातून कारभारी आत आला. राजधानीहून परतताना, उताराशी गावाकडे न वळता, वैद्यबाईंना आनंदाची बातमी द्यायला तो मुद्दाम वाट वाकडी करून आला होता.

"मुहूर्त मिळाला!" तो म्हणाला. मग त्याने आईला बघितलं. "तू? तू इकडे कशी आलीस?"

"पुलावरून."

त्याचा चेहरा बदलला. "उद्घाटनाआधी?"

आईने पोर त्याच्यासमोर धरलं. ओठांवरचा निळेपणा अजून पुरता गेला नव्हता.

"कारभारी," वैद्यबाई म्हणाली, "माझं अंगण रिकामं असतं, हे राजाला सांगितलंत का?"

"सांगितलं ना. राजे खूश झाले. म्हणाले, अख्ख्या राज्यात असं गाव नाही."

"ते का रिकामं होतं, ते आता हिला विचारा."

आईने सांगितलं. कारभारी ऐकत गेला आणि ऐकता ऐकता खाली बसला. गवतातच बसला.

मग तो म्हणाला, "जाताना उताराजवळ झाडाखाली आपला कुंभारबाबा भेटला होता. पाय सुजला होता. मी विचारलं, 'कुठे निघालात?' म्हणाला, 'वैद्यबाईंकडे.' मी म्हटलं, 'बाबा, आता थोडे दिवस. पुढच्या वेळी पुलावरून जाल.' त्याने मला हात जोडले. आणि मी खुशीत पुढे गेलो."

"मग? तो इथे आला नाही," वैद्यबाई म्हणाली.

"आज परत येताना झाडाखाली काठी होती," कारभारी म्हणाला. "उताराजवळच्या गुराख्यांनी त्याला काल मूठमाती दिली."

त्याने पाठीवरच्या झोळीत खोचलेली काठी काढली. घरच्यांना द्यायला तो ती घेऊन निघाला होता. पूल बांधणारा माणूस ती काठी हातात धरून बसला होता, आणि समोर त्याचा पूल उन्हात लखलखत होता.

संध्याकाळी कारभारी पुलावरून गावात आला. पुढे शेळी, मागे आई, तिच्या कडेवर पोर. लोक पुलाच्या तोंडाशी श्वास रोखून उभे होते. काकू घाईघाईने म्हणाली, "शेळीने खाल्ली हो माळ. आम्ही हाकलत होतो."

कारभाऱ्याने उरलेली टोकं सोडली. दोन्ही खांब उपटले आणि एका खांबाच्या खड्ड्यात कुंभारबाबाची काठी रोवली.

"अडवलं कोणी नव्हतं, असं तुम्ही म्हणाल," तो म्हणाला. "अडवलं मी होतं. कासाराच्या सुनेला आत्ताच्या आत्ता गाडीत घाला."

त्या रात्री पुलावरून गाड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी नावाड्याने होडीतली माती उपसली आणि होडी पुन्हा पाण्यात सोडली. म्हणाला, पूल असला तरी असू दे.

राजा आला, त्याच्या सवडीने आला. बघतो तर पुलावर चाकोऱ्या पडलेल्या, मधोमध शेण, कठड्यावर कोणाची तरी गोधडी वाळत घातलेली. त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"याचं उद्घाटन कोणी केलं?"

सगळ्यांनी शेळीकडे बघितलं.

"फुलं जरा शिळी होती," शेळी म्हणाली.

कोणी हसलं नाही. राजाची नजर काठीवर गेली होती. "आणि ही काठी कोणाची?"

"ज्याच्यासाठी पूल बांधला, त्याची," कारभारी म्हणाला. "तो यावरून कधी गेला नाही, महाराज. आम्ही तुमची वाट बघत होतो."

राजा पालखीतून उतरला. जोडे काढले आणि मान खाली घालून, गाड्यांच्या मागून, चालत पूल ओलांडला. तेव्हापासून त्या राज्यात काहीही नवं बांधलं की त्यावर पहिलं पाऊल आजाऱ्याचं पडतं आणि राजा मागून येतो.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: लोकांसाठी बांधलेली वाट पहिल्या गरजवंताच्या पावलाने उघडते; ती मानकऱ्याची वाट बघत बंद ठेवली, तर फुलांची माळही भिंत होते.