बिनटाक्याचं कापड

“कोण गेलं, चाचा?”

“अजून कुणी न्हाई.”

“मग हे कापड?”

दर्ग्याच्या ओट्यावर मांजरपाटाचा तागा उलगडला होता. दस्तगीरचाचांनी वीत टाकत माप घेतलं, कडेला दाताने चीर दिली आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडलं.

जयसिंग खराडे नकळत एक पाऊल मागे सरकले.

चाचा ऐंशीच्या पुढचे. या माळावर पूर्वी विमान शिकवणारा क्लब होता. तिथली विमानं लाकडी सांगाड्याची, वरून कापड चढवलेली. ते कापड चढवायचं काम चाचांनी चाळीस वर्षं केलं. पुढे क्लब बंद पडला, पत्र्याची शेड गंजली, आणि चाचा शेजारच्या पिराच्या दर्ग्यात झाडलोट करत राहिले. आसपासच्या गावांत कुणी गेलं, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो, की शेवटचं कापड चाचांकडून जायचं. लोक म्हणायचे, सांगावा घेऊन माणूस पोचायच्या आधीच म्हाताऱ्याचं कापड तयार असतं.

खराड्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास खराड्यांवर होता. कोल्हापुरात त्यांची फाउंड्री होती आणि गावात शब्दाला वजन होतं. त्यांना गर्व होता असं सांगणं म्हणजे ऊस गोड असतो असं सांगणं.

“याला शिवण नाही घालत?” त्यांनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“कफनाला टाका न्हाई. आमच्यात न्हाई, तुमच्यातबी न्हाई. टाका जित्याचा.”

चाचांनी पुन्हा वीत टाकायला सुरुवात केली. हे माप आखूड होतं. पुन्हा तोच आवाज झाला. टर्र.

“दोन?”

“दोन आली. सकाळच्या नमाजानंतर माप बोटात येतं. येतं तेवढं फाडतो.”

“कुणाचं माप?”

“ते कळत न्हाई… जरा धर बघू. उभा ऱ्हा नीट.”

खराड्यांनी हसत टोक धरलं. लांब कापड त्यांच्या डोक्यापासून पायापर्यंत आलं. दोन्हीकडे गाठीपुरतं उरलं.

मग चाचांनी आखूड कापड त्यांच्या अंगाला लावलं. गाठीपुरतं सोडून ते खांद्याशी संपलं. चाचा त्या खांद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“चाचा, घडी घाला ते. मी चांगली बातमी घेऊन आलोय. आपलं विमान घेतलं मी.”

“आपलं?”

“म्हणजे… माझं. पण तेच. क्लबातलं पिवळं. ज्याच्यावर मी शिकलो ते.”

ते एका गोदामात पडून होतं. नुसता सांगाडा, पंखांच्या फासळ्या उघड्या, आत चिमण्यांची घरटी. खराड्यांनी ते घेतलं आणि तीन वर्षं खपून उभं केलं. लाकूड बदललं, इंजिन नवं करून घेतलं, पिवळा रंग तर असा दिला की ऊन त्याच्यावरून घसरावं. आज सकाळी ट्रकमधून आणून, पंख जोडून, समोर माळावर उभं केलं होतं. तपासणीचे कागद अजून व्हायचे होते. ते काय, होतील.

“उद्या सकाळी पहिली फेरी. शर्वरीचा वाढदिवस आहे. पुढच्या सीटवर ती, मागे मी.”

“पोरगी का? केवढी झाली?”

“अकरा पूर्ण. माझ्या खांद्याला लागते आता.”

चाचांचा हात कापडावर थांबला…

खराड्यांना ते दिसलं. त्यांनी ते न दिसल्यासारखं केलं.

“तिच्या आईचा एक हट्ट आहे. तुमच्या हातचा दोरा विमानाला बांधून घ्या म्हणते. तेवढा बांधा, म्हणजे मी मोकळा.”

“दोरा व्हय… चल.”

चाचा आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात पत्र्याचा डबा होता. पिराजवळचा लाल नाडा त्यांनी घेतला नव्हता. डब्यात वीतभर लांबीचं दाभण होतं, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ होतं आणि चाकू होता. खराड्यांनी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं असतं एकेक.

दोघे विमानाजवळ आले. चाचांनी पंखावर बोट टेकवलं आणि मुळापासून टोकापर्यंत फिरवत नेलं.

“बोट कुठं अडंना.”

“अडेल कसं!” खराडे खूश झाले. “टाके काढून टाकले सगळे. पूर्वी ते फोड दिसायचे बघा, रांगेने, गोवर आल्यासारखे. मी कारागिराला बजावलं, एक टाका दिसता कामा नये. तो कुरकुरत होता. मीच म्हटलं, नवा गोंद आहे, लाव. चाचा, पोलादाला पोलाद चिकटतं त्याने!”

चाचांनी मान डोलावली.

क्लबात एक रिवाज होता. विमान हवेत गेलं की वारं पंखावरचं कापड वर उपसतं. ते लाकडाला धरून ठेवतो तो टाका, दर चार बोटांवर एक. म्हणून विमान हातात घेण्याआधी प्रत्येक शिष्याने एका फासळीचे टाके चाचांबरोबर घालायचे, असं होतं. एकाने वरून सुई द्यायची, दुसऱ्याने खालून ती परत करायची. ते एकट्याचं काम नव्हे.

सगळ्यांनी घातले. जयसिंग खराड्यांनी त्या दिवशी आपल्या जागी शिपाई पाठवला होता. मी विमान उडवायला आलोय, गोणी शिवायला नाही, असा निरोपही दिला होता. शिपायाने टाके मात्र सुरेख घातले.

“हात ठेव हितं.”

“कुठे?”

“पंखावर. तळवा टेक… आता गप ऱ्हा.”

खराड्यांनी तळवा टेकला. कापड गरम होतं. खाली फासळी लागली.

मग ते कापड त्यांच्या हाताखाली उचललं गेलं.

अगदी जरासं. आणि पुन्हा खाली बसलं. पुन्हा उचललं गेलं.

“वारं असेल,” खराडे म्हणाले.

चाचांनी दर्ग्याकडे बघितलं. तिथलं हिरवं निशाण काठीला चिकटून पडलं होतं. माळावरचं गवतसुद्धा हलत नव्हतं.

“उन्हाने आतली हवा तापली असेल.”

“आसंल.”

चाचांनी वाद घातला असता तर खराड्यांना बरं वाटलं असतं. ते पुन्हा लक्ष देऊन बघू लागले. कापड वर… खाली… वर… खाली. थोड्या वेळाने त्यांना जाणवलं की आपला श्वासही त्याच चालीवर चाललाय. चाल कुणी कुणाची धरली, ते मात्र त्यांना ठरवता येईना.

त्यांनी श्वास रोखला.

पंख थांबला.

त्यांच्या कानशिलात ठोके पडू लागले. तरी त्यांनी धीर धरला. पंखही धीर धरून होता. शेवटी असह्य होऊन त्यांनी श्वास सोडला, आणि त्यांच्या तळव्याखाली कापड सावकाश वर आलं.

खराड्यांनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

“चाचा… आत कोण आहे?”

“कुणी न्हाई.” चाचा म्हणाले. “जागा हाय.”



मग चाचांनी डब्यातला चाकू काढून पुढे धरला.

“तीन वर्षं लागलीत याला,” खराडे म्हणाले.

“व्हय.”

“उद्या तिचा वाढदिवस आहे. सगळ्या वर्गाला सांगून ठेवलंय तिने.”

“व्हय.”

“हा गोंद साधा नाही, चाचा.”

“नसंल.”

“आणि विमान माझं आहे!” एवढा मोठा माणूस, पण आवाज खेळणं हिसकावलेल्या पोरासारखा आला.

“तुझंच हाय, जयसिंग. कापडबी तुझंच.”

कुठलं कापड, हे चाचा म्हणाले नाहीत. खराड्यांची नजर आपोआप दर्ग्याकडे गेली. ओट्यावर दोन पांढरी कापडं पसरलेली होती, एक लांब, एक आखूड. निशाण अजूनही मेल्यासारखं लोंबत होतं. आणि आखूड कापडाची एक कड उचलली जात होती, खाली बसत होती. वर… खाली…

खराड्यांनी चाकू घेतला.

पहिला वार त्यांना जमेना. पातं गुळगुळीत रंगावरून घसरलं. दुसऱ्या वेळी त्यांनी दातओठ खाऊन पातं आत घातलं आणि त्या चकचकीत पिवळ्या पंखात हातभर चीर पाडली. मग चाकू टाकला, दोन्ही कडा धरल्या आणि ओढल्या.

टर्र.

वाळल्या कांद्याची साल निघावी तसं कापड निघालं. पंखाच्या कडेला ते घट्ट बसलेलं होतं, पण मधल्या फासळ्यांवर कुठेच धरलेलं नव्हतं. गोंदाच्या खपल्या झाल्या होत्या. खराड्यांनी बोट लावलं तशा त्या भुरभुर खाली पडल्या. त्यांनी दुसरी फासळी बघितली, तिसरी बघितली, मग दुसऱ्या पंखाकडे धावले आणि तोही फाडला. तिथेही तेच.

ते चाकाशेजारी मातीत बसले. आयुष्यात इतके ते कधी घाबरले नव्हते. स्वतःच्या मरणाची भीती त्यात थोडीच होती. पुढच्या सीटवर बसून मान वळवून हसणारी शर्वरी त्यांना दिसत होती.

त्यांनी फोन काढून घरी लावला.

“शरू, उद्या नाही गं जमायचं… हो, म्हणालो होतो… नाही, पुढच्या आठवड्यातही नाही… बोल ना. अगं, बोल ना काहीतरी.”

पलीकडून पोरगी तडातडा बोलली आणि तिने फोन आपटला. तिचा तो रागाचा आवाज ऐकून खराड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी वेळ ते तसेच फोन कानाला लावून बसून होते.

चाचांनी तोवर दाभणात दोरा ओवला होता.

“शिकवाल मला?” खराड्यांनी विचारलं.

“खालनं बस.”

त्यांनी पहिल्या फासळीवर पिवळ्या कापडाचाच एक उरलेला पट्टा धरला. वरून चाचांनी दाभण दिलं. खालून खराड्यांनी ते घेतलं, बोटात टोचून घेतलं, आणि परत केलं. एक टाका झाला. चार बोटांवर दुसरा. उजळणीपुरते सात टाके घातले. सातवा बरा आला. खरं काम तर सगळं कापड नव्याने चढवल्यावरच व्हायचं होतं, आणि त्याला पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा वेळही पुरला नसता.

ऊन उतरलं तेव्हा दोघे ओट्याकडे परतले.

दोन्ही कापडं जागच्या जागी होती, आता निपचित. खराडे त्यांच्यापासून हातभर लांब उभे राहिले. त्यांना त्यावरून पाय नेववेना आणि तिथून निघूनही जाववेना.

“चाचा…”

“हं.”

“मी आता जातो. पण ही… ही कापडं कुणाची?”

चाचा खाली बसले. त्यांनी आखूड कापड आधी मांडीवर ओढलं. दाभण खुपसून एक टाका घातला, दोरा करकचून ओढला, गाठ मारली आणि दाताने तोडला. मग लांब कापड घेतलं. त्यालाही एक टाका घातला.

दोन्हींची घडी करून त्यांनी ती खराड्यांच्या हातात दिली.

“आता कुणाचीच न्हाईत.”