कंदाचा डोळा

एकदा एका डोंगरवाडीत शहरातून एक तरुण अभ्यासक आला. वाडीची बोली मरणपंथाला लागली होती. त्या बोलीतली झाडावेलींची नावे आणि रानाचे ज्ञान गोळा करून त्याला प्रबंध लिहायचा होता. एका वृद्धाने त्याला शिष्य मानले. रोज सकाळी अंगणात वृद्ध बोले आणि शिष्य त्याचा आवाज यंत्रात साठवून घेई.

काम संपले. निघायच्या दिवशी वृद्ध त्याला कंद खणायला घेऊन गेला. शिष्याने घाम गाळून एक मोठा कंद अख्खा उपटला आणि वेलीसकट पिशवीत घातला. अर्धा डोंगर उतरल्यावर वृद्धाने पिशवीत डोकावून पाहिले, आणि तो पुन्हा वर चढू लागला.

"बाबा, एसटी चुकेल!"

"चुकू दे. ती उद्याही येते."

वर पोहोचल्यावर त्याने कोयत्याने कंदाचा वरचा, वेल फुटण्याचा डोळा कापला, त्याच खड्ड्यात ठेवला आणि हलक्या हाताने माती लोटली.

"एवढ्याशा तुकड्यासाठी इतकी चढण?" शिष्य धापा टाकत म्हणाला.

वृद्ध खाली बसला. "खायचा तेवढा कंद आपला. डोळा डोंगराचा. तो नेला तर पुढच्या पावसात इथे वेल येत नाही. पोरा, तू आमची बोली नेतोयस. माया लावून नेतोयस, म्हणून राग नाही. पण माझी नात चांगुणा बोलायला लागली, की तू ओठांवर बोट ठेवायचास. आवाज स्वच्छ यावा म्हणून तिला अंगणाबाहेर पाठवायचास. मीही पाठवली. आता ती माझ्याशी शाळेतल्या भाषेत बोलते. तुझ्या यंत्रात मी राहीन रे. पण या घरात मला बोलीतून हाक कोण मारील?"

शिष्याची मान खाली गेली. त्याला तर ती मुलगी केवळ गोंगाट वाटली होती.

एसटी चुकलीच. संध्याकाळी चुलीत कंद भाजत ठेवला होता. यंत्र पिशवीतच राहिले. शिष्याने दाराआडच्या चांगुणाला जवळ बोलावले आणि कंद भाजला का, असे अडखळत बोलीतून विचारले.

ती खुदकन हसली. "शी! दादा, असं म्हणतात होय? आजा, हा बघ कसा बोलतो!"

"मग तू शिकव त्याला," वृद्ध म्हणाला.

चांगुणाने तोच प्रश्न बोलीत विचारला, अगदी आजोबांच्या लयीत. अंगणाबाहेर उभी राहून तिने सगळे ऐकले होते. मग आजोबांकडे वळून तिने तो पुन्हा विचारला, कारण तिला भूक लागली होती.

वृद्धाने बोलीतच उत्तर दिले आणि सर्वांत मऊ फोड तिच्या हातावर ठेवली. शिष्य ऐकत राहिला. या वेळी त्याने ओठांवर बोट ठेवले नाही.