दगडी दरबारात बकुळा गायली

एका राज्यात गाण्याला फार मान होता. तिथला राजा पुष्पसेन उठे तो भूपाळीवर, जेवे तो भजनावर, आणि कर वाढवायचा झाला तरी आधी मारवा ऐकून मन घट्ट करी. त्याच्या पदरी धुंडिराजबुवा नावाचे गवई होते. बुवांच्या मागे तंबोरा घेऊन बसे त्यांची शिष्या बकुळा. बुवांचा दम संपला की तिने सूर धरायचा, बुवांनी घेतला की सोडायचा. बुवांची पाठ आणि बुवांची पट्टी, यापलीकडे तिला गाणे ठाऊक नव्हते. "एकटी गा" म्हटले की तिला नेमके काहीतरी काम आठवे.

एके सकाळी ऐन मैफिलीत वितंड मांत्रिक उभा राहिला. याच दरबारात तरुणपणी त्याचे पहिले गाणे होते. पहिलाच सूर फाटला, लोक हसले, आणि तो उठून पळाला होता. तो अपमान पोटात ठेवून तो मंत्रविद्या शिकला. आता त्याने मूठभर उडीद फेकले आणि म्हणाला, "हसणाऱ्यांनो, शिळा व्हा! इथं कुणी एकट्यानं गाणं शेवटास नेईल, तेव्हाच मोकळे व्हाल. जो अर्ध्यावर उठेल, तोही शिळा होईल."

राजा दगड झाला, प्रधान दगड झाला, पानाचा डबादेखील दगड झाला. बुवा तान घेत होते. तोंडाचा 'आ' तसाच उघडा ठेवून तेही दगड झाले. तंबोरा तेवढा जादूला बधला नाही. एवढी वर्षे सुरात मुरलेले लाकूड ते!

बकुळा त्या वेळी बुवांसाठी खडीसाखर आणायला मुदपाकखान्यात गेली होती. परत येते तो वाटेत मंत्राचे तीन दरवाजे उभे. राजाची साळुंकी खिडकीतून उडून बाहेर आली होती. तिने झाला प्रकार सांगितला आणि म्हणाली, "बुवांचं तोंड मिटायचं असेल, तर तुला गावं लागेल."

"दुसरं कुणी नाही?"

"आहेत की. पण ते सगळे आत दगड होऊन बसलेत."

बकुळेला रडू आले. तरी पण बुवांचे उघडे तोंड डोळ्यांपुढून हलेना. तिने खडीसाखर पदराला बांधली आणि निघाली.

पहिला दरवाजा लोखंडाचा. कुणी ऐकत नसताना गायले, तरच तो उघडे. साळुंकीने कान पंखात घातले. बकुळा विहिरीवर पाणी भरताना एकटीच गुणगुणे, तशी गायली. दरवाजा उघडला. हे तर सोपेच होते.

दुसऱ्या दरवाजावर नागोबा वेटोळे घालून बसलेला. त्याला गाणे ऐकवल्यावाचून वाट नव्हती. बकुळा डोळे मिटून गायली.

"डोळे का मिटलेस?" नागाने विचारले.

"तुमची भीती वाटते."

"मलाही गाणाऱ्यांची वाटते. ते पुंगी आणतात." एवढे बोलून नाग बाजूला झाला.

तिसरा दरवाजा नुसता ढकलताच उघडला. आत दरबारभर दगडी डोळे. मान डोलावणारे कुणी नाही, 'वा' म्हणणारे कुणी नाही. सिंहासनाच्या पायरीशी वितंड तेवढा जिवंत बसलेला. बकुळा दारातच थबकली. पण सवय मोठी वस्ताद! ती सरळ बुवांच्या पाठीमागे आपल्या जागेवर जाऊन बसली, आणि तिथूनच गाऊ लागली.

"पाठीला गाणं ऐकवतेस?" साळुंकी ओरडली.

बुवांच्या खालच्या पट्टीत तिचा आवाज दबला, घुसमटला. तिने तंबोऱ्याच्या तारेवरून बोट काढले. पळावे म्हणून तिने एक पाय उचलला, तोच त्या पायाची बोटे राखाडी झाली.

"ऊठ, ऊठ," वितंड म्हणाला, जरा आशेनेच. "मीही उठलो होतो."

बकुळेने त्याच्याकडे पाहिले. केस पिकले, मंत्रविद्या शिकून झाली, आणि हा म्हातारा अजून त्या एका सुरापाशी अडकलेला! तिची भीती काही गेली नाही, पण तिला त्याची दया आली. तिने पाय मागे घेतला आणि घट्ट मांडी घातली.

"सूर चुकीचा लागला," ती सगळ्या दरबाराला ऐकू जाईल असे म्हणाली. "पुन्हा जुळवते."

वितंडाने तोंडात बोट घातले. असेही म्हणता येते, हे त्याला कधी सुचलेच नव्हते.

तंबोरा ओढत बकुळा बसल्याबसल्याच बुवांच्या पुढे सरकली. त्यांच्या दगडी पायांना तिने हात लावला. "बुवा, तुमच्या खुंट्या पिळते. आज्ञा असावी."

खुंट्या करकरल्या, तारा चढल्या.

"तार तुटेल!" साळुंकी म्हणाली.

"तुटली तर उरलेल्यांवर गाईन."

तार तुटली नाही. विहिरीवरचा तिचा स्वतःचा सूर तंबोऱ्यात बोलू लागला. बकुळेचा पहिला स्वर कापला, दुसरा थोडा कमी कापला, तिसऱ्याला ती कापायचेच विसरली. पायाची बोटे ऊबदार झाली. राजाची मिशी हलली. प्रधानाची मान डोलली. तिने गाणे शेवटास नेले, आणि सारा दरबार एका आवाजात म्हणाला, "वा!"

तेवढ्यात बुवांची अडकलेली तान बाहेर पडली, ती जुन्याच पट्टीत. फार बेसूर झाले. बुवांनी डोळे वटारले. "माझ्या तंबोऱ्याला हात कुणी लावला?"

"मी, बुवा."

बुवांनी तारा छेडल्या, ऐकल्या, आणि हात पुढे केला. "राहू दे तसाच. खडीसाखर आण इकडे."

राजाने वितंडाकडे पाहून तलवार उपसली. बकुळा आडवी आली. "महाराज, यांचं गाणं अपुरं राहिलंय."

वितंड मागे सरकला. "लोक हसतील."

"हसू देत. सूर चुकला तर थांबा, पण उठू नका." एवढे म्हणून बकुळा तंबोरा घेऊन त्याच्या मागे बसली.

पहिला सूर चुकलाच. प्रधान हसला. वितंड थांबला, मागे वळून त्याने बकुळेकडे पाहिले, आणि पुन्हा सुरुवात केली.

त्या दरबाराचे दगडपण जसे सुटले, तसे तुमचे आमचे सुटो. आणि चुकल्या जागी पुन्हा सूर लावायला प्रत्येकाला धीर मिळो.