वाटीखालचं बोट

बाळांनो ऐका, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. फार फार वर्षांपूर्वी, ज्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत अशा काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक पाठशाळा होती. तिथली एक रीत होती. परीक्षेच्या दिवशी पाण्याने भरलेल्या घंगाळात बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटी भरून बुडायच्या आत ज्याचा पाठ म्हणून झाला तो पुढच्या वर्गात, ज्याचा राहिला तो घरी.

गुरुजींना या रीतीचा भारी अभिमान. "वाटी राजपुत्र ओळखत नाही नि गुराखीही ओळखत नाही," ते म्हणायचे. "मीही लहानपणी हिच्याचसमोर उभा राहिलोय." वाटी सांभाळायला एक म्हातारी होती. तिला गुरुजींची सक्त ताकीद होती, वाटीला हात लावायचा नाही.

त्या वर्षी सगुणा नावाची कुंभाराची मुलगी परीक्षेला उभी राहिली. पाठ तिला येत होता, पण शब्द तोंडात यायला वेळ लागे. मध्येच थांबायची, ओळ पुन्हा पहिल्यापासून धरायची. पोरं खुदखुदायला लागली.

"गुरुजी, मला थोडा वेळ द्याल?" तिने विचारलं.

"सगळ्यांना जेवढा, तेवढाच तुला."

अर्ध्या पाठातच वाटी बुडाली. सगुणा पाटी काखोटीला मारून निघून गेली.

संध्याकाळी म्हातारी घंगाळ उपडं करत होती. गुरुजी सहज म्हणाले, "आमच्या वेळी नव्हती बुवा अशी अडखळणारी पोरं."

म्हातारीने मान वर केली नाही. "तुम्हीच होतात की. पहिल्या ओळीलाच अडायचात. तेव्हाचे गुरुजी मला म्हणाले, पोराचं संपेपर्यंत वाटीखाली बोट धर. चार वर्षं धरलं मी."

गुरुजींचा चेहरा खर्रकन उतरला. "मग आज का नाही धरलंस?"

"त्यांनी धरायला सांगितलं होतं. तुम्ही हात लावू नको म्हणालात."

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर ज्याची फुशारकी मारली, ते यश दुसऱ्याच्या बोटावर तरंगलेलं होतं, आणि तेच बोट त्यांनी एका पोरीला नाकारलं होतं.

सकाळी ते कुंभारवाड्यात गेले. सगुणा अंगणात बापाशेजारी चिखल तुडवत होती. गुरुजींना बघताच ती घाबरली, सरळ उभी राहिली आणि कुणी न सांगताच पाठ म्हणू लागली. गुरुजी तिथेच जमिनीवर बसले. ती अडली की ते वाट बघत. अंगणातलं ऊन ओट्यावर चढलं, तेव्हा कुठे पाठ संपला. एकही शब्द चुकला नव्हता.

"चुकलं का काही?" तिने भीतभीत विचारलं.

"हो. माझं चुकलं," गुरुजी म्हणाले. तिच्या नजरेला नजर द्यायची त्यांना लाज वाटत होती. "चल परत, पोरी."

सगुणा बापाच्या मागे सरकली. "मी नाही येणार. तिथे सगळे हसतात."

वाटी त्या दिवसापासून बंद झाली. आता कुणी पाठ बोलून दाखवी, कुणी चित्र काढून, कुणाला दोन दिवस लागत. सगुणा मात्र कधीच परत आली नाही. मग दर चार दिवसांनी गुरुजीच कोसभर चालत जात आणि चिखलाशेजारी बसून तिला शिकवत. एवढा मोठा माणूस इथे कसा, असं लोक विचारत. गुरुजी मान खाली घालून खरं ते सांगत.

म्हणून ध्यानात ठेवा: सगळ्यांना एकाच मापाने मोजणं हा न्याय नव्हे, ज्याला जेवढा वेळ आणि आधार लागतो, त्याला तेवढा देणं हाच न्याय.