पुढचा आकडा

“बाईंच्या डोक्यात काही शिरतच नाही, त्याला मी काय करू, बुवा?”

खरमाटे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. मठाच्या पडवीत ऐसपैस बसून विचारत होते. पिशवीत घुले बाईंचा गोपनीय अहवाल होता. ‘प्रशिक्षणाचा वर्गात उपयोग करत नाहीत,’ एवढा शेरा मारून उद्या तो वर पाठवला, की बाईंची बढती गेलीच म्हणून समजा.

पुंडलिकबुवा तांदूळ निवडत होते. शेजारी गावातल्या तीन म्हाताऱ्या, त्यांच्याही पुढ्यात सुपं.

“काय शिकून आल्या होत्या बाई?”

“गणिताचा खेळ. मुलांना गोल बसवायचं, एकेकानं आकडा म्हणायचा. तीन आला, सहा आला, की आकडा नाही म्हणायचा, टाळी वाजवायची. दोन दिवस केलं मोठ्या हौसेनं. मग बंद.”

“बंद का?”

“कुणास ठाऊक. मी आपलं शिक्षकखोलीत चेष्टेत म्हटलं होतं, ‘आल्या बघा बाई, टाळ्या वाजवायला शिकून.’ सगळे हसले. त्यासुद्धा हसल्या की.”

बुवा तांदळातला खडा शोधत राहिले…

“मला नाही येत हा खेळ. दाखवता?”

सर खुलले. एवढंच ना. सरसावून बसले, म्हाताऱ्यांना जवळ बोलावलं, गोल केला.

“बुवा, तुमच्यापासून.”

“एक.”

“दोन,” शेजारची आजी लाजत म्हणाली.

सरांनी टाळीसाठी हात उचलले.

“आले बघा सर,” बुवा म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाले, “टाळ्या वाजवायला शिकून.”

म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून खो खो हसल्या.

सरही हसले. लोक हसत असताना माणूस दुसरं करणार काय? आणि हसता हसताच त्यांना घुले बाईंचं ते हसू आठवलं.

हात तसेच राहिले. टाळी काही वाजेना. कानशिलं तापली, मान वर करवेना. इतकी लाज त्यांना विद्यार्थी असतानाही कधी वाटली नव्हती.

“रोज म्हणायचो मी,” ते पुटपुटले. “एकदा नाही… रोज.”

सरांनी पिशवीतून अहवाल बाहेर काढला.

“अहवालात काय लिहू आता?”

बुवांनी सूप बाजूला सारलं. मांडी नीट घातली.

“एक झालं. दोन झालं… पुढचा आकडा तुमचा, सर.”